निळं बटण आणि कलम 61अ

मतदान यंत्राचं बॅलट युनिट जवळून पाहिलं तर त्यात डोळे दिपवणारं काहीच नाही, आणि तीच त्याची खुबी. मतपत्रिकेवर असायची तशीच नावांची उभी यादी, नावापुढे चिन्ह, कडेला निळं बटण. दाबलं की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो आणि खोलीभर ऐकू जाईल असा लांब ‘पीं’ वाजतो. अक्षरओळख नसलेल्याला चिन्ह पुरतं. दिसत नसलेल्याच्या बोटाला बटणाशेजारी ब्रेलमधला आकडा लागतो. एका युनिटवर 16 ओळी; उमेदवार कमी असले तर उरलेली बटणं झाकलेली. बांधणी सरकारी कंपन्यांची असली, तरी या रचनेत पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे.

खरी करामत मात्र मतदाराला दिसत नाही. मतदान अधिकाऱ्याने त्याच्यापाशी असलेल्या कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण दाबलं तरच एक मत घेतलं जातं. मग निळं बटण दहादा दाबा, मत एकच. बूथ बळकावणाऱ्यांना पूर्वी मतपत्रिकांच्या गठ्ठ्यावर धडाधड शिक्के मारता यायचे. इथे दर मतामागे खोळंबा, आणि ‘क्लोज’ दाबलं की मतदानच संपलं.

कायदा मागून, जरा धापा टाकतच आला. 1982 मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर यंत्रं लावली. कायद्यात यंत्राचा उल्लेखच नाही, म्हणून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं; त्या केंद्रांवर पुन्हा मतदान झालं आणि निकाल फिरला. यंत्राने मतदान घ्यायला मुभा देणारं कलम 61अ लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलं 1989 मध्ये. 2013 मध्ये न्यायालयाच्याच निकालांमुळे ‘नोटा’चं, म्हणजे यांपैकी कुणीच नको असं सांगणारं, बटण आलं, आणि दिलेलं मत छापून काचेआड सात सेकंद दाखवणाऱ्या चिठ्ठीचा मार्गही मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र यंत्राने बिघडवली, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता येत. यंत्राचा आकडा केंद्राचा म्हणूनच बाहेर पडतो. मग कुठल्या वाडीने आपल्याला मतं दिली नाहीत, हे निवडून आलेल्याला त्याच दिवशी कळतं. पुढे त्या वाडीचा रस्ता रखडला तर कारण विचारायला नको. अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्येच दिला. 2015 मध्ये विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. मतमोजणीच्या टेबलावर ते अजून आलेलं नाही.