पाव गोळीचा हिशेब

एक बांधी दोन भावांत वाटली तर जेवढी जमीन एकाच्या वाट्याला येते, तेवढी चार भावांत वाटल्यावर येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हाच शेतकरी दवाखान्यातून परतताना एका पुडीवर 1/2 आणि दुसरीवर 1/4 असे लिहिलेले पाहतो, तेव्हा घोटाळा होतो. चार हा आकडा दोनाहून मोठा, म्हणून 1/4 गोळी मोठी, असे समजणारी माणसे आहेत, आणि त्यांत शिकलेलीही आहेत. रेषेखालचा आकडा वाटेकऱ्यांचा असतो. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो.

आपल्या आजोबांचा हा हिशेब पक्का होता. शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ करून घेत. बाजारात शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी मापे होती. पिकाचा अंदाजही आण्यांत होई. आठ आणे पीक म्हणजे निम्मे. 1957 साली दशमान नाणी आली, आणे मोडीत निघाले, आणि पावकीही घरातून गेली. तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली असे मला वाटत नाही.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात हिवताप हा जुना दुखणाईत पाहुणा, म्हणून उदाहरणही त्याचेच घेऊ. समजा, दहा महिन्यांचे, साडेसात किलो वजनाचे बाळ आहे आणि रक्ततपासणीत व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. क्लोरोक्विन पहिल्या व दुसऱ्या दिवशी दर किलोला 10 मिलिग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी 5 मिलिग्रॅम देतात. म्हणजे 75, 75 आणि साडेसदतीस मिलिग्रॅम. गोळी 150 मिलिग्रॅमची, तेव्हा पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी पाव. एक वर्षाखालील बाळासाठी 2013 च्या राष्ट्रीय उपचार धोरणातही हेच प्रमाण दिलेले आहे.

आता खरी खोच येथे आहे. पाकिटावर बहुधा दोन आकडे असतात: क्लोरोक्विन फॉस्फेट 250 मिलिग्रॅम, आणि त्यातले मूळ क्लोरोक्विन 150 मिलिग्रॅम. मात्रा 150 वरून मोजायची. कोणी 250 धरून हिशेब केला तर अर्धीच्या ठिकाणी गोळीचा जेमतेम तिसरा हिस्सा बाळाच्या पोटात जाईल आणि जंतू पुरते मरणार नाहीत. उलट, पावाच्या जागी पूर्ण गोळी गेली तर मात्रा चौपट होते, आणि क्लोरोक्विन जास्त झाले तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. अपूर्णांक कशाचा, हे आधी ठरले पाहिजे. तो पूर्णांक चुकला की पुढचे सगळे बरोबर करूनही उत्तर चुकते.

म्हणून औषध देणाऱ्याला निःसंकोच विचारावे, “दादा, ही पाव गोळी तुम्हीच तोडून दाखवा.” मध्ये रेघ असलेली गोळी आधी रेघेवर दुभंगावी, मग त्या अर्ध्याचे अर्धे करावे. गोळी कुटून चार चमचे पाण्यात कालवायची आणि एक चमचा पाजायचा, ही घरगुती युक्ती फसवी आहे. चूर्ण तळाशी बसते. वरचा चमचा हलका, शेवटचा जड. कॅप्सूल व आवरण असलेली गोळी तर विचारल्याशिवाय फोडूच नये. घरात मोठ्या माणसाचे प्रायमाक्विन असेल तर त्याचा तुकडा बाळाला देऊ नये; एवढ्या लहान बाळाला ते देतच नाहीत.

पातळ औषधाचेही असेच. तापावरच्या पॅरासिटामॉलचे बाळासाठीचे थेंब एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅमचे मिळतात, तर साध्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 125, म्हणजे मिलिलिटरला 25. थेंब चौपट कडक झाले. थेंबांची बाटली संपली म्हणून तेवढेच सिरप दिले तर पाव मात्रा जाते. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर चौपट. “अर्धा चमचा दिला” एवढे सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बाटली सोबत न्यावी.

शेतातल्या औषधालाही हाच नियम. समजा शिफारस हेक्टरी 500 मिलिलिटरची आहे. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, म्हणून एकरी 200 मिलिलिटर. पुष्कळ जण सरळ निम्मे, अडीचशे, ओततात. एकरामागे पाव हिस्सा जास्त आणि पैसाही पाण्यात. एकराला 200 लिटर पाणी आणि पंप 15 लिटरचा असेल तर पंपाला 15 मिलिलिटर पुरे. ते मोजलेले टोपण मात्र घरात आणू नये.

पुन्हा त्या बाळाकडे येऊ. तिसऱ्या दिवसापर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो, बाळ खेळते, आणि कडू तुकडा कशाला म्हणून आई तो देत नाही. तो पाव तुकडा द्यायचाच आहे. अर्धी, अर्धी आणि पाव मिळून सव्वा गोळी झाली. दोन गोळ्या आणल्या असतील तर पाऊण उरेल. ती पुढच्या तापासाठी डब्यात जपून ठेवू नये. तो ताप हिवतापाचा आहे की नाही हे रक्त पाहिल्यावाचून कळणार नाही, आणि तोवर बाळाचे वजनही वाढलेले असेल.