ब्राउझर दूरध्वनी, आंतरराष्ट्रीय

ब्राउझर दूरध्वनी, आंतरराष्ट्रीय : संगणकावर किंवा मोबाइल संचावर संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्राउझर या आज्ञावलीच्याच साहाय्याने, निराळे उपकरण अथवा खास आज्ञावली न बसविता, परदेशातील व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलण्याची पद्धती. तीत आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते इंटरनेटमार्गे पाठविले जातात. तिचे दोन प्रकार आहेत. दोन्ही बाजूंस ब्राउझर असल्यास संभाषण अथपासून इतिपर्यंत इंटरनेटवरच होते. एका बाजूस ब्राउझर आणि दुसऱ्या बाजूस नेहमीचा दूरध्वनी क्रमांक असल्यास मात्र शेवटच्या टप्प्यात संभाषणाला इंटरनेट सोडून सार्वजनिक दूरध्वनी जालात उतरावे लागते. बोलणाऱ्याला हे दोन्ही प्रकार सारखेच भासतात. पण खर्च, आवाजाची प्रत, कायदा आणि सुरक्षितता या बाबतींत त्यांच्यात मोठे अंतर आहे व ते मुख्यतः या उतरण्याच्या जागी उत्पन्न होते. प्रस्तुत नोंदीत परभणी जिल्ह्याचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या, स्वतःचे आंतरराष्ट्रीय दूरध्वनी केंद्र नसलेल्या जिल्ह्यात या पद्धतीचे गुणदोष अधिक स्पष्टपणे दिसतात.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातून परदेशाशी बिनतारी संपर्काचा प्रारंभ पुणे परिसरात झाला. खडकी येथील प्रेषण केंद्र व दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्याद्वारे २३ जुलै १९२७ रोजी ब्रिटनशी बिनतारी तारसेवा सुरू झाली आणि १९३३ मध्ये तिला रेडिओ-दूरध्वनीची जोड मिळाली. रेडिओ-दूरध्वनीचा आवाज वातावरणाच्या लहरीप्रमाणे कमीजास्त होई व दरही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे ही व्यवस्था शासनाच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या विभागाकडे आली व १ एप्रिल १९८६ पासून विदेश संचार निगमाकडे गेली. १९७० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील विक्रम उपग्रह भूकेंद्रामुळे परदेशी संभाषणे उपग्रहामार्गे होऊ लागली.

त्या काळी परभणीसारख्या गावातून परदेशी बोलावयाचे म्हणजे प्रथम ट्रंक कॉल नोंदवावा लागे. एका केंद्रातील चालक पुढच्या केंद्रातील चालकाला क्रमांक सांगे आणि अशा साखळीने संभाषण मुंबईपर्यंत व तेथून परदेशी जाई. जोडणी लागण्यास कित्येक तास लागत आणि लागल्यावर तीन मिनिटांच्या एककाचे भान ठेवून बोलावे लागे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एसटीडी-आयएसडीचे पिवळ्या पाट्यांचे बूथ सर्वत्र उभे राहिले व चालकांची साखळी संपली. तेथे समोरच्या मीटरवर वाढत जाणारा आकडा हाच बोलण्याचा लगाम असे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याची आज्ञावली विक्रीस आणली होती. परंतु भारतात अशा संभाषणास परवानगी नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात मिळाली : संगणकावरून संगणकाशी आणि भारतातील संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलता येऊ लागले, भारतांतर्गत दूरध्वनीशी मात्र नाही. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीतील विदेश संचार निगमाची मक्तेदारीही त्याच दिवशी संपली. २००३ मध्ये आलेल्या स्काइप या आज्ञावलीने इंटरनेट दूरध्वनी घराघरांत नेला, पण ती संगणकावर वेगळी बसवावी लागे. २०११ मध्ये गूगल कंपनीने वेबआरटीसी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे ध्वनी टिपणे, त्याचे संकेतन करणे व पाठविणे ही सर्व कामे ब्राउझरच्याच अंगी आली. २६ जानेवारी २०२१ रोजी या तंत्रास अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

कार्यपद्धती : लंडनमधील एक व्यक्ती गंगाखेड येथील आपल्या घराशी बोलत आहे, असे समजू. सुरक्षित संकेतस्थळ उघडल्यावर ब्राउझर प्रथम ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) वापरण्याची अनुज्ञा मागतो. ती दिल्याविना तो आवाज टिपू शकत नाही. आवाजाच्या तरंगाची उंची दर सेकंदास ४८,००० वेळा मोजता येते. या मापनांचे बहुधा २० मिलिसेकंदांचे (१ मिलिसेकंद = १/१,००० सेकंद) तुकडे पाडले जातात. ऑपस नावाचे संकेतन (मानक २०१२) प्रत्येक तुकडा आकुंचित करते. दर तुकड्यावर पत्ता, अनुक्रमांक व कालनिर्देश घालून त्याचे एक पुडके (पॅकेट) तयार होते. अशी ५० पुडकी दर सेकंदास निघतात. ती कूटबद्ध केलेली असल्याने वाटेत कोणास ऐकता येत नाहीत. मात्र संभाषण सार्वजनिक दूरध्वनी जालात उतरते तेथे हे कुलूप उघडावेच लागते.

घरोघरच्या इंटरनेट जोडण्यांना बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. म्हणून दोन्ही ब्राउझर प्रथम एका मध्यस्थ सर्व्हरला आपला बाहेरून दिसणारा पत्ता विचारतात व परस्परांस कळवितात. थेट मार्ग न सापडल्यास पुडकी मध्यस्थामार्फतच नेली जातात. भारतातील मोबाइल जालांवर हा प्रसंग वारंवार येतो.

पुडकी हरवल्यास ती परत मागविली जात नाहीत. पत्राचे हरवलेले पान उशिरा मिळाले तरी उपयोगी पडते; संभाषणातील हरवलेला शब्दांश अर्ध्या सेकंदाने मिळून उपयोग नसतो. त्याऐवजी मागील ध्वनीवरून अंदाज बांधून ती फट बुजविली जाते. एखाददुसरे पुडके गेल्याचे कानास कळतही नाही. सलग बरीच गेली, तर आवाज यांत्रिक व तुटक होतो.

यासाठी लागणारी वहनक्षमता फार थोडी आहे. दर सेकंदास २४ किलोबिट या गतीने संकेतन केल्यास एका पुडक्यात आवाजाचे ६० बाइट व पत्ता इ.चे सुमारे ४० बाइट असतात. म्हणजे एका दिशेस दर सेकंदास सुमारे ४० किलोबिट लागतात. तासभराच्या संभाषणास दोन्ही दिशा मिळून सुमारे ३६ मेगाबाइट पुरतात. चलत्चित्र पाहण्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. ग्रामीण भागात अडचण येते ती वेगाची नव्हे, तर सातत्याची. मनोऱ्यावर गर्दी झाली किंवा वीज गेली, की पुडकी कधी थव्याने तर कधी मुळीच येत नाहीत.

विलंब : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असल्यास संभाषण स्वाभाविक वाटते; ४०० हून अधिक झाल्यास ते अवघड होते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने नुसत्या चढउतारास सुमारे २४० मिलिसेकंद लागत. जुन्या पिढीतील माणसे परदेशी बोलताना वाक्यानंतर थांबत, ती सवय यातूनच आली असावी. प्रकाशकीय तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे २ लक्ष किमी. वेगाने जातो; १०,००० किमी. लांबीच्या केबल मार्गास ५० मिलिसेकंद पुरतात. संकेतनाचा व पुडकी ओळीने लावून घेण्याचा वेळ त्यात मिळविला, तरी मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. मराठवाड्यातील संभाषणे पश्चिमेकडे जातात ती बहुतांशी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या समुद्रतळावरील केबलींतून. जानेवारी २००८ मध्ये ईजिप्तजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट बऱ्याच प्रमाणात विस्कळीत झाले होते.

आवाजाची प्रत व मराठी उच्चार : सार्वजनिक दूरध्वनी जालात परंपरेने सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच कंप्रता पट्टा वाहून नेला जातो. बोलणाऱ्याचे शब्द कळण्यास तो पुरेसा आहे, परंतु ‘स’ या ध्वनीची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. त्यामुळे जुन्या दूरध्वनीवर ‘साल’ व ‘शाल’ यांतील भेद पुसट होतो. मराठीत तर ‘च’ व ‘ज’ यांचे दंत्य आणि तालव्य असे दोन उच्चार आहेत. ‘जग’ (दुनिया) व ‘जग’ (जिवंत राहा) हे शब्द केवळ त्यावरून ओळखू येतात. ब्राउझर ते ब्राउझर संभाषणात यापेक्षा कितीतरी रुंद पट्टा जात असल्याने हे भेद व त्यांबरोबर श्वास, हुंदका, पार्श्वभूमीचे आवाजही पोहोचतात. पण हेच संभाषण जुन्या पद्धतीच्या दूरध्वनी जालात उतरविले, की लंडनहून निघालेला रुंद आवाज गेटवेपाशी पुन्हा दर सेकंदास ८,००० नमुन्यांच्या अरुंद साच्यात बसवावा लागतो. पुढची तार कितीही चांगली असली, तरी गेलेले परत येत नाही. [→ दूरध्वनिविद्या].

गेटवे व आकार : परदेशातून परभणी शहरातील तारेच्या दूरध्वनीसाठी भारताचा ९१, मग परभणीचा २४५२ (आरंभीचे शून्य गाळून) व त्यानंतर स्थानिक क्रमांक असा क्रम असतो. ब्राउझरमध्ये हा क्रमांक दाबल्यावर सेवा देणारी कंपनी संभाषण भारतातील परवानाधारक दूरसंचार कंपनीच्या आंतरराष्ट्रीय गेटवेपर्यंत आणते. तेथून पुढे नेण्याबद्दल भारतीय कंपनी जो आकार घेते त्याला आंतरराष्ट्रीय समापन आकार म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तो १ फेब्रुवारी २०१८ पासून मिनिटास ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला. १ मे २०२० पासून ३५ ते ६५ पैसे या मर्यादेत तो ठरविण्याची मुभा दिली. देशांतर्गत संभाषणांवरील असा आकार मात्र १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. ब्राउझर ते ब्राउझर संभाषण फुकट आणि क्रमांकावर केलेले संभाषण सशुल्क असते, त्याचे मुख्य कारण असे आकार होत.

देशी व विदेशी दरांतील ही तफावत चुकविण्यासाठी एक अवैध मार्ग निघाला. परदेशी संभाषण इंटरनेटवरून एखाद्या भाड्याच्या खोलीतील ‘सिमबॉक्स’ या उपकरणात आणले जाते. त्यात अनेक सिमकार्डे बसविलेली असतात. त्यांपैकी एकावरून पुढे स्थानिक संभाषण लावले जाते. आकार बुडतो एवढेच नाही. बोलावणाऱ्याचा खरा क्रमांक नाहीसा होऊन घेणाऱ्यास साधा दहा अंकी भारतीय क्रमांक दिसतो. फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना नेमके हेच हवे असते. गेटवेवरून येणाऱ्या संभाषणासही खोटा भारतीय क्रमांक चिकटविता येतो. अशी संभाषणे अडविण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित केली. पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १·३५ कोटी संभाषणे रोखली.

परिणाम विपरीत होतो. परदेशातील मुलाने प्रामाणिकपणे ब्राउझरवरून लावलेले संभाषण सेलू वा जिंतूर येथील वृद्ध आईवडिलांच्या संचावर अनोळखी परदेशी क्रमांकाने येते आणि भीतीपोटी उचलले जात नाही. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्याचे संभाषण ओळखीच्या वाटणाऱ्या क्रमांकाने येते आणि उचलले जाते. क्रमांक पाहून माणूस ओळखण्याची सवय या तंत्रामुळे निरुपयोगी झाली आहे. कुटुंबीयांनी बोलण्याची वेळ व ओळखीची खूण आधी ठरवून ठेवणे हा उपाय साधा असला, तरी कोणत्याही यंत्रणेपेक्षा अधिक खात्रीचा आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

उपयोग व मर्यादा : परभणीहून परदेशी बोलताना परस्पर संपर्काच्या लोकप्रिय आज्ञावल्या बहुतेक कौटुंबिक गरज भागवितात. परदेशातील विद्यापीठाचे कार्यालय, रुग्णालय, बँक, वकिलात किंवा घरमालक यांच्याकडे मात्र पुष्कळदा केवळ तारेचा दूरध्वनी असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर शिकण्यास जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी थोड्या रकमेत बोलता येणे हा ब्राउझर दूरध्वनीचा खरा उपयोग होय. आखाती देशांतून घरी बोलणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट दूरध्वनी सेवा रोखल्या जातात. तंत्र तेच असूनही तेथील कामगाराला फुकट बोलण्याचा मार्ग सहज उपलब्ध होत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशकीय तंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली व पुढे ती भारतनेट या नावाने राबविली गेली. तरीही खेड्यातील संभाषण मोठ्या प्रमाणावर मोबाइल मनोऱ्यांवरच अवलंबून असते. सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव शासकीय आदेशाने एखाद्या भागातील इंटरनेट तात्पुरते बंद केले जाते, तेव्हा साधा दूरध्वनी चालू राहिला तरी ब्राउझर दूरध्वनी मुका होतो.

सेवा देणाऱ्या कंपन्यांचे आयुष्यही अनिश्चित असते. ज्या स्काइपमुळे इंटरनेट दूरध्वनी सर्वतोमुखी झाला, ती सेवा ५ मे २०२५ रोजी बंद झाली. आगाऊ भरलेली रक्कम ठराविक मुदतीत न वापरल्यास ती गोठविण्याची अटही काही सेवांत असते. बहुतेक ब्राउझर सेवांवरून पोलीस वा रुग्णवाहिकेसाठी ११२ हा क्रमांक लागत नाही. लागला, तरी बोलणारा नेमका कोठे आहे हे समोरच्या केंद्राला कळेलच असे नाही. त्यासाठी सिमकार्ड असलेला साधा संच जवळ असणे आवश्यक असते.