अंगठ्यातले स्फटिक
सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात अंगातलं पाणी आटतं. मग गाऊट असलेल्याचा पायाचा अंगठा एखाद्या रात्री असा ठणकतो, की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात.

गाऊटवरचं नवं औषध माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात बहुधा मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना देतात. डोस आधी अगदी लहान, मग हळूहळू वाढवत नेलेला. ठणका थांबतो का, हा प्रश्न तेव्हा नसतोच. शरीर ते सोसतं का, हे पाहायचं असतं. पण युरिक अ‍ॅसिड निरोगी रक्तातही असतं, त्यामुळे ते उतरतं का याचा अंदाज इथेच येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. पुष्कळ रोगांत ती मिळत नाही.

अ‍ॅलोप्युरिनॉलची वाट निराळी. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं हे औषध आधी रक्ताच्या कर्करोगात, दुसऱ्या औषधाचा जोर टिकवायला दिलं गेलं. रुग्णांचं युरिक अ‍ॅसिड घटलं, आणि 1966 साली अमेरिकेत ते गाऊटसाठी मान्य झालं.

आपल्याकडे औषध-चाचण्यांच्या 2019च्या नियमांनुसार अशा चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. पहिला माणूस सामील होण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ती कुणालाही पाहता येते.