जो गट बसत होता, तोच उभा राहिला



करोनाची आठवण आता पुसट होत चालली आहे. मास्क कुठल्या तरी खणात पडले आहेत आणि हात धुण्याची सवयही सैल झाली आहे. पण साथ कायमची जात नसते. डेंग्यू दर पावसाळ्यात येतो, दूषित पाण्याने हगवण येते आणि उद्या एखादा नवा आजारही येईल. तेव्हा आपल्या वस्तीने काय करायचे? याचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी आपल्याच धाराशिव जिल्ह्यातील बायकांनी २०२० आणि २०२१ मध्ये काय केले ते पाहू. म्हणून या अंकात औषधांपेक्षा गटाबद्दल जास्त लिहीत आहोत.

भूकंपातून आलेली सवय

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावेही कोसळली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सरकारने घरबांधणीचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की, घर कसे बांधायचे हे गावातल्या बायकांनाही समजले पाहिजे. मग गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी असते, सिमेंट किती लागते, हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघर समजावून सांगू लागल्या. जी बाई सरपंचासमोर पदर सावरून गप्प बसायची, तीच इंजिनिअरला प्रश्न विचारू लागली.

या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि गावोगावचे सखी बचत गट वाढले. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच वाटेने पुढे आल्या. लहान वयात लग्न आणि लहान वयातच वैधव्य आलेली ही बाई बचत गटामुळे घराबाहेर पडली आणि पुढे शेकडो गावांतल्या बायकांची मार्गदर्शक झाली. प्रेमाताईंचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांनी लावलेली सवय मात्र गावात राहिली. ती सवय म्हणजे महिन्यातून ठरल्या दिवशी एकत्र बसणे, वही लिहिणे आणि एकमेकींच्या घरात काय चालले आहे ते माहीत असणे.

त्याच दशकात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना 'भारत वैद्य' म्हणून तयार केले. साधा ताप, जुलाब, गरोदर बाईची काळजी, मोठ्या दवाखान्यात कधी न्यायचे, हे त्या शिकल्या. म्हणजे गावातली बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे आपल्या जिल्ह्याने आशाताई येण्याच्या आधीच पाहिले होते.

दुष्काळाने शिकवलेली एक एकर

पुढे दुष्काळाची वर्षे आली. सोयाबीन आणि ऊस या नगदी पिकांवर घर अवलंबून होते. पीक गेले की पैसा गेला, आणि पैसा गेला की ताटातली भाजीही गेली. तेव्हा या गटांतील बायकांनी घरच्यांकडून जमिनीचा एक तुकडा मागून घेतला. कुणाला एकर मिळाली, कुणाला अर्धा. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, शेवगा असे मिसळून लावले. खत घरच्या शेणाचे, पाणी ठिबकचे किंवा तुषारचे. आधी घरात खायचे, उरले तर विकायचे, हा नियम. काय पेरायचे हे बाईने ठरवायचे, हा दुसरा नियम. या कामाची दखल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने घेतली आणि २०१६ मध्ये संस्थेला 'इक्वेटर' पुरस्कार दिला.

२०२० मध्ये गटाने काम बदलले

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. आठवडी बाजार बंद झाले आणि रोजंदारी थांबली. आपल्या जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा भागातील कोयत्यावर गेलेली कुटुंबे कारखान्यांच्या फडावर अडकली. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. आली तेव्हा गावही घाबरलेले होते. शाळेच्या खोल्यांत त्यांना वेगळे ठेवले गेले.

अशा वेळी ज्या गावात गट नियमित बसत होता, तिथे त्याने काम बदलायला वेळ घेतला नाही. बैठक फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आली. वही तीच राहिली, पण बचतीच्या रकान्याऐवजी नावांची यादी आली. कोण म्हातारे एकटे आहे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाकडे रेशनकार्ड नाही, कुणाची साखरेची गोळी संपली. धान्याची मदत कुणाला आधी द्यायची हे त्या यादीवरून ठरले. शिवणयंत्र असलेल्या बायकांनी कापडी मास्क शिवले. राज्यभर 'उमेद'च्या बचत गटांनी असे मास्क शिवून संसाराला हातभार लावला.

आणि ज्यांच्याकडे एक एकर होती, त्यांच्या घरात भाजी होती. मोठ्या बागायतदाराचा माल बाजार नसल्याने शेतात सडत होता. या बायकांची पालक-मेथी मात्र गावातच खपली. विकली, उधार दिली, कुठे नुसतीच वाटली. ज्या दिवसांत बाहेरचे काही येत नव्हते, त्या दिवसांत पोरांच्या ताटात डाळ आणि हिरवी भाजी पडली, हे औषधापेक्षा कमी नाही.

केरळातही असेच घडले. तिथल्या 'कुटुंबश्री' महिला गटांनी गावोगावी सामूहिक स्वयंपाकघरे चालवली आणि पुढे २० रुपयांत जेवण देणारी खानावळ उभी केली. ते गट १९९८ पासून बसत होते. संकट आल्यावर गट बांधायला घेतला असता तर चूल पेटायला वर्ष लागले असते.

आशाताईंना विसरू नका

या काळात घरोघर ताप मोजत, प्राणवायू मोजत फिरल्या त्या आशाताई. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली, तिचा भार त्यांच्याच पायांवर होता. जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव मोठा आहे, पण पोट मानधनावर चालते. वस्तीतल्या आशाताईला बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि फिरताना सोबत द्या.

साथीत सेवा करणाऱ्या बाईची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीमाई त्याच साथीत १० मार्चला गेल्या. आपल्या माणसाला कुणी हात लावत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. म्हणून करोनात सगळीकडे 'सामाजिक अंतर' हा शब्द ऐकू येऊ लागला तेव्हा तो आपल्या कानाला टोचला. सामाजिक अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. साथीत अंतर ठेवायचे ते शरीराचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 'शारीरिक अंतर' हा शब्द जवळ केला. आपणही तोच वापरू. आजाऱ्यापासून लांब राहा, पण त्याचे दार बंद करू नका.

एक एकर नसलेल्यांचे काय?

आता खरा प्रश्न. हे सगळे वाचून आपल्या वस्तीतली बाई म्हणेल, "ताई, एक एकर कुणाकडे आहे?" बरोबर आहे. आपल्यातील कितीतरी घरे भूमिहीन आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मराठवाड्यातील गायरानासाठी आपली माणसे तुरुंगात गेली. तरी आजही अनेकांच्या नावावर सातबारा नाही. जमीन हा आरोग्याचाही प्रश्न आहे. ज्याच्याकडे मातीचा तुकडा आहे त्याच्या लेकराला साथीत भाजी मिळते, ज्याच्याकडे नाही त्याचे लेकरू मीठ-भाकरीवर राहते. ही मागणी सोडायची नाही.

पण तोवर हात बांधून बसायचे नाही. घराच्या मागे दोन खाटांएवढी जागा असली तरी पालक, मेथी, कोथिंबीर येते. भांडी धुतलेले पाणी शेवग्याला आणि पपईला पुरते. ताण आला तरी शेवगा टिकतो आणि त्याच्या पाल्यात लोह व कॅल्शियम भरपूर असते. 'उमेद'ने 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत हेच सांगितले. विहाराच्या आवारात जागा असेल तर गटाने मिळून वाफे करावेत. काही ठिकाणी बायका मिळून शेत खंडाने घेतात, तेही करता येईल.

आपल्या वस्तीच्या गटाने हे करावे

१. यादी करा. साठ वर्षांवरील, साखर-रक्तदाब-क्षयाचे रुग्ण, गरोदर आणि बाळंतीण, पाच वर्षांखालील मुले, एकटे राहणारे, कोयत्यावर गेलेले. दर तीन महिन्यांनी यादी नवी करा आणि एक प्रत आशाताईकडे द्या. यादी गावभर दाखवायची नाही, आजाराची चर्चा पारावर करायची नाही.

२. रेशन तपासा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य महिन्याला मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कोयत्यावर गेलेल्यांना 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत दुसऱ्या गावातही धान्य घेता येते. ज्यांची नावे कार्डावर नाहीत, त्यांचे अर्ज गटानेच भरून तहसीलला न्यावेत.

३. विहारात एक पेटी ठेवा. ताप मोजायचे थर्मामीटर, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, क्षारसंजीवनीची पाकिटे. दोन मुलींना ती वापरायला शिकवा. श्वसनाच्या आजारात बोटावरचा आकडा ९४ पेक्षा खाली आला किंवा बोलताना धाप लागली, तर घरी थांबायचे नाही. १०८ ला फोन करा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आहे.

४. रोजच्या गोळ्या थांबू देऊ नका. टाळेबंदीत साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि क्षयाच्या रुग्णांची औषधे चुकली. क्षयाचे औषध किमान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. रुग्णाच्या घरात नेहमी महिनाभराच्या गोळ्या शिल्लक आहेत का, हे गटाने विचारावे.

५. अफवेला प्रश्न विचारा. लसीबद्दल किती बोलले गेले ते आठवा. सांगणाऱ्याला विचारा, तुला कुणी सांगितले, तू स्वतः पाहिलेस का? पटले नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता पारखून घेणे, हेच बुद्धांनी शिकवले.

या पाच कामांना मोठा पैसा लागत नाही. लागते ती ठरलेली वेळ. पौर्णिमेला आपण विहारात वंदनेला जमतोच. वंदना झाली की अर्धा तास थांबा, वही उघडा आणि नावे वाचा. कुणाचे नाव नव्याने लिहायचे आहे, कुणाच्या घरी जाऊन यायचे आहे, ते तिथेच ठरवा. येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करा.

जयभीम!