तेलात बुडविलेले यंत्र

वसई-विरारच्या रस्त्याकडेला खांबांवर उभा असलेला ट्रान्स्फॉर्मर आपण रोज पाहतो. त्याच्या पोटात तेल असते. ते वीज वाहू देत नाही, उष्णता मात्र वाहून नेते. बिटकॉइनची आकडेमोड करणारे यंत्र घरी तेलात बुडवावयाचे, ही युक्ती म्हणजे हीच जुनी विद्या होय.

असे एक यंत्र सुमारे ३,२५० वॉट घेते; म्हणजे दिवसाला ७८ युनिटे. त्यांची जवळजवळ सारी उष्णताच होते. पंख्यांच्या घरघरीने शेजारी झोपत नाहीत. म्हणून पंखे काढावयाचे, यंत्र टाकीत उभे करावयाचे, पंपाने तेल खेळवावयाचे व बाहेर रेडिएटरमध्ये निववावयाचे. तेवढ्याच घनफळाच्या हवेहून तेल हजारपटीने अधिक उष्णता उचलते. पण ती गिळून टाकीत नाही! मे महिन्यात बाहेर ३४ अंश असले, तर तेल त्याखाली उतरावे कसे?

आमच्याकडची हवा दमट. तेलात ओल शिरली की त्याची वीज अडविण्याची शक्ती घटते. तेव्हा झाकण घट्ट हवे. पीव्हीसीच्या वायरी तेलात ताठरतात, आणि वायरीतून तेल दिव्याच्या वातीसारखे वर चढते.

बंद कारखान्याची भरपाई यात घालू पाहणाऱ्या कामगारबंधूंनी आधी हिशेब मांडावा. युनिटला १० रुपये धरले तरी रोजचे ७८० रुपये. उलट एप्रिल २०२४ पासून प्रत्येक हप्त्याचे बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर आले. शिवाय १४ अँपिअर प्रवाह अहोरात्र वाहणार. त्यासाठी स्वतंत्र वायर, एमसीबी व अर्थिंग आम्ही अगोदर पाहू, टाकी मागाहून.