पग

पग ही सोबतीसाठी पाळल्या जाणाऱ्या लहान कुत्र्यांची एक जुनी जात आहे. तिचे मूळ चीनमध्ये आहे. चपटा व सुरकुतलेला चेहरा, मोठे डोळे आणि पाठीवर वळलेली शेपटी ही तिची ओळख होय. माणसाळू स्वभावामुळे ही जात जगभर लोकप्रिय झाली. मात्र ज्या चेहऱ्यामुळे ती आवडते, त्याच चेहऱ्याच्या ठेवणीमुळे तिला श्वसनाचे व डोळ्यांचे अनेक विकार जडतात.

इतिहास

चीनच्या राजदरबारात पाळले जाणारे हे कुत्रे सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचले, असे मानले जाते. १५७२ मध्ये शत्रूची चाहूल लागताच पॉम्पी नावाच्या पगने ऑरेंज घराण्यातील राजपुत्र विल्यम याला जागे करून वाचवले, अशी आख्यायिका आहे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ च्या आत्मचित्रात आपल्या ट्रम्प या पगलाही रंगवले. त्या चित्रातील कुत्र्याचे नाक आजच्या पगपेक्षा स्पष्टपणे लांब आहे. पुढे पैदाशीसाठी अधिकाधिक चपट्या तोंडाचे कुत्रे निवडले गेल्याने चेहऱ्याची आजची ठेवण निर्माण झाली. भारतात २००३ साली हच या मोबाईल सेवा कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागोमाग जाणारा पग झळकला आणि ही जात घरोघरी परिचित झाली.

शारीरिक वैशिष्ट्ये

पगचे प्रमाणित वजन ६.३ ते ८.१ किलोग्रॅम असते. शरीर चौकोनी व भरदार, तर केस आखूड व मऊ असतात. बदामी रंगाच्या पगचे तोंड व कान काळे असतात. संपूर्ण काळे पगही आढळतात.

स्वभाव

पग शांत, खेळकर व मायाळू असतो. लहान मुलांशी आणि इतर पाळीव प्राण्यांशी तो सहसा जुळवून घेतो. राखणदारी हे त्याचे काम नव्हे. घरातील माणसांच्या मागे मागे फिरणे त्याला आवडते; दीर्घकाळ एकटे ठेवल्यास तो अस्वस्थ होतो. तो काहीसा हट्टी असला तरी खाण्याचा लोभी असल्यामुळे खाऊच्या आमिषाने लवकर शिकतो.

निगा

लठ्ठपणामुळे श्वसनाचा त्रास वाढतो. म्हणून आहार मोजून द्यावा. सकाळी व सायंकाळी थोडा वेळ फिरवणे पुरेसे असते. गळपट्ट्याने श्वासनलिकेवर दाब येतो, त्यामुळे छातीभोवती बांधायचा पट्टा वापरावा. चेहऱ्याच्या घड्या ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात, अन्यथा तेथे त्वचेचा संसर्ग होतो. केस आखूड असूनही बरेच गळतात, त्यामुळे नियमित विंचरावे. लहान जबड्यात दात दाटीने येत असल्याने त्यांचीही स्वच्छता ठेवावी लागते.

आरोग्य

श्वसन : पगची कवटी आखूड झाली, तरी तिच्या आतील मऊ भाग त्या प्रमाणात कमी झालेले नाहीत. अरुंद नाकपुड्या आणि लांब मृदू टाळू यांमुळे हवेचा मार्ग अडतो. सतत घोरणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, झोपेत दचकून उठणे व भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. घोरणे हा या जातीचा स्वभावच, असे समजून मालक अनेकदा त्याकडे दुर्लक्ष करतात. इंग्लंडमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या २०१२ च्या अभ्यासात असा विकार असलेल्या कुत्र्यांच्या निम्म्याहून अधिक मालकांनी आपल्या कुत्र्याला श्वसनाचा त्रास नाही, असे सांगितले होते. तीव्र त्रासात नाकपुड्या रुंद करण्याची व टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया केली जाते.

उष्माघात : कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकतात. पगला ते पुरेसे जमत नाही. उलट जोराने धापा टाकल्याने घशाला सूज येऊन मार्ग आणखी अरुंद होतो. म्हणून विदर्भासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात त्याला दुपारी बाहेर नेऊ नये, तसेच बंद मोटारीत ठेवू नये. जीभ निळसर पडल्यास किंवा तोल गेल्यास अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा व तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

इतर विकार : खोबणी उथळ असल्याने डोळ्यांना इजा होऊन पारपटलावर जखमा होतात. डोळा लाल होणे वा सतत मिटलेला राहणे ही तातडीची बाब समजावी. मणक्यांतील जन्मजात दोषामुळे मागील पाय दुबळे होऊ शकतात. मेंदूच्या दाहाचा एक आनुवंशिक व प्राणघातक आजारही या जातीत आढळतो.

पैदास व कायदा

नेदरलँड्समध्ये अतिशय आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आहेत. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्यांना नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्ले विकता येत नाहीत. पिल्लू घेताना नाकपुड्या मोकळ्या आहेत का हे पाहावे; तसेच शक्य असल्यास त्याची आई चालताना किंवा खेळताना कसा श्वास घेते, याचे निरीक्षण करावे.