हाक आधी, पात्रता मागाहून

तेलंगणात पेनगंगेच्या दक्षिणेला असलेलं जैनथ गाव ओळखलं जातं ते लक्ष्मीनारायणाच्या पुरातन मंदिरामुळे. या सीमाभागात तेलुगू आणि मराठी शेजारी नांदतात, आणि इथल्या ख्रिस्ती जीवनाचे धागेही नदीपल्याड जातात. सिरो-मलबार कॅथलिकांचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या धर्मप्रांतात होता.

अशा ठिकाणी मंडळी लहान असली की प्रत्येक हात मोलाचा असतो. संडे स्कूलला शिक्षक हवा असतो, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणारं कुणी हवं असतं. ज्याला विचारावं तो मात्र म्हणतो, ‘माझी काय लायकी?’

हा संकोच बायबलइतकाच जुना आहे. मोशेनं आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली, गिदोनानं आपल्या घराण्याची दुर्बळता पुढे केली, यिर्मयानं कोवळं वय. जाळी फाटेस्तोवर मासे मिळाल्यावर पेत्रानं तर येशूला आपल्यापासून दूर जायला विनवलं, कारण आपण पापी आहोत हे त्याला ठाऊक होतं. यांतल्या कुणालाही देवानं ‘तू लायकच आहेस’ असं सांगितलं नाही. मोशेला सोबतीला अहरोन दिला, गिदोनाला ‘मी तुझ्याबरोबर असेन’ असं वचन दिलं. उत्तर माणसाच्या योग्यतेत नव्हतं, देवाच्या सोबतीत होतं.

तेलंगणातलं उदाहरण व्ही. एस. अझरायांचं. ते तमिळभाषक, दोर्नकलला आले तेव्हा तेलुगू त्यांना शिकून घ्यावी लागली. १९१२ साली ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. भारतीय माणसाला हे पद पेलेल का, अशी शंका त्या काळी उघडपणे घेतली जात होती. १९४५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते पेललं.

मराठी माणसाला याहून जवळची आहे लक्ष्मीबाई टिळकांची कथा. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या, मग परतल्या, तरी स्वयंपाक-पाणी वेगळंच. जातपात देवाची की माणसाची, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि कुणाच्याही हातचं पाणी घेतलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी पुढेच होती. १९१९ साली टिळक गेले आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य पहिल्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं. नामवंत कवीचं काम हाती घेण्याची पात्रता त्यांच्यात कुणी शोधली नसती. त्यांनी मात्र एकेक करत चौसष्ट अध्याय रचले. त्याच हातांनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्रही लिहिलं. १९३६ साली त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ पुस्तकरूपानं आलं ते त्यानंतर.

अर्थात मनाला वाटलं म्हणजे देवाचं पाचारण झालं, असं नाही. चर्च ते पारखून घेतं. पाळक होऊ पाहणाऱ्याला सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकावं लागतं, वडीलधाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं, आणि दीक्षा मिळते ती त्यानंतर. सामान्य विश्वासी माणसासाठीही पारख हीच: हे काम दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे का, आपल्याला ओळखणारी माणसं दुजोरा देतात का, आणि शिकायची आपली तयारी आहे का? अपराधाची जाणीव मनात असेल, तर कबुली द्यावी, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करावी. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं. तरीही कळप त्याच्याच हाती सोपवला गेला.

म्हणून या नाताळाआधी मंडळीत कुणी एखादं काम सांगितलं, तर ‘मी लायक नाही’ म्हणून परत फिरू नका. लायकीचं देवावर सोडा, आणि काम शिकायला लागा.